घड्याळ पुढे, झोप मागे

सोमवार, ९ मार्च २०२६
एडिसन, न्यू जर्सी

काल पहाटे दोनच्या ठोक्याला इथली घड्याळे एकदम तीनवर गेली. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्च ते नोव्हेंबर घड्याळे अशी तासभर पुढे ठेवतात, तिला ‘उन्हाळी वेळ’ म्हणतात. रविवार कसाबसा निभावला, पण खरी परीक्षा आज सकाळी होती. साडेसहाला मुलाला उठवायला गेले तेव्हा बाहेर अजून उजाडलेले नव्हते आणि त्याच्या शरीराच्या हिशेबाने तर साडेपाचच वाजले होते. एक मोजा पायात, दुसरा हातात, अशा अवस्थेत तो पलंगाच्या कडेवर पेंगत बसला होता. त्याला रागावण्याचे माझ्या मनातही आले नाही. गेल्या शुक्रवारी शाळेची बस आली तेव्हा रस्त्यावर कोवळे ऊन होते. आज तीच बस दिवे लावून आली, कारण सूर्योदयच आता सव्वासातच्या पुढे गेला आहे.

‘एका तासाने काय होते?’ असे म्हणणारे पुष्कळ भेटतात आणि मला ते अजिबात पटत नाही. आपल्या मेंदूत एक घड्याळ असते आणि ते रोज जुळवले जाते ते डोळ्यांत शिरणाऱ्या सकाळच्या उजेडाने. या घड्याळाची पेशींमधील यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेक माणसांचे हे आतले घड्याळ चोवीस तासांहून किंचित जास्त लांबीचे असते, त्यामुळे थोडे उशिरा झोपणे शरीराला जमते, पण लवकर झोपणे जड जाते. म्हणूनच नोव्हेंबरमध्ये घड्याळ मागे घेताना फारसा त्रास होत नाही आणि मार्चमध्ये मात्र आठवडाभर झोपेचे खोबरे होते. काल रात्री साडेआठला दिवे मालवले, तरी मुलाचा डोळा लागायला साडेनऊ वाजले. त्यात त्याचा काहीही हट्ट नव्हता. त्याला झोप येण्याची वेळच झालेली नव्हती. मोठ्यांचे हाल तर याहून गंभीर आहेत, कारण आम्ही असे अर्धवट झोपेत गाड्या चालवतो. मार्चमधील बदलानंतरच्या आठवड्यात जीवघेणे मोटार अपघात वाढतात, हे इथल्या अपघातांच्या नोंदींवरून संशोधकांनी दाखवून दिले आहे.

आमच्या घरात या बदलाची आणखी एक झळ लागते. आई साताऱ्याला असते. हिवाळ्यात आमच्या आणि तिच्या वेळेत साडेदहा तासांचे अंतर असते, त्यामुळे आमची जेवणे आटोपून साडेसातला फोन लावला की तिकडे सकाळचे सहा वाजलेले असतात आणि ती चहा घेऊन निवांत बसलेली असते. आता अंतर साडेनऊ तासांवर आले. तिचे सहा गाठायचे तर आम्हाला साडेआठपर्यंत थांबावे लागते आणि ती नेमकी मुलाची झोपायची वेळ. काल तिने विचारले, ‘तुमचं घड्याळ पुन्हा फिरलं का गं?’ आता नोव्हेंबरपर्यंत आजी-नातवाच्या गप्पा शनिवार-रविवारवरच भागवाव्या लागणार. भारतातही दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, घड्याळे तासभर पुढे ठेवली होती, पण युद्ध संपताच तो प्रकार बंद झाला. इथे तो कायमचा चिकटला आहे.

हे सारे शेतकऱ्यांसाठी केले गेले, असे इथे सर्रास सांगितले जाते, पण इतिहास नेमका उलट आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इंधन वाचवण्यासाठी जर्मनीने घड्याळे पुढे केली आणि १९१८ मध्ये अमेरिकेने तोच मार्ग धरला. शेतकरी मात्र पहिल्यापासून विरोधात होते, कारण गवतावरचे दव सूर्याने वाळते आणि गाईंच्या धारा काढण्याची वेळ कायद्याने बदलत नाही. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांचा नकाराधिकार डावलून काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, १९१९ मध्ये ती तरतूद रद्द केली. पुढे १९६६ च्या कायद्याने ती देशभर परत आली आणि २००७ पासून तिची सुरुवात एप्रिलवरून मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणली गेली. माझा सर्वांत मोठा आक्षेप या अलीकडे ओढण्याला आहे. एप्रिलमध्ये निदान सकाळी लवकर उजाडू लागलेले असते. मार्चमध्ये नुकताच कुठे मिळू लागलेला सकाळचा उजेड मुलांच्या हातून काढून घेतला जातो. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई या भानगडीत पडत नाहीत आणि तिथले व्यवहार काही अडलेले नाहीत.

हा खेळ थांबवावा, यावर बहुतेकांचे एकमत होते, पण कोणती वेळ कायम ठेवायची यावर गाडी अडते. काँग्रेसच्या दोन सभागृहांपैकी सिनेटने मार्च २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बारा महिने ठेवण्याचे विधेयक एकमताने मंजूर केले, पण दुसऱ्या सभागृहात, प्रतिनिधिगृहात, ते पुढे सरकले नाही, आणि ते तिथेच थांबले याचे मला समाधान आहे. तो प्रयोग जानेवारी १९७४ मध्ये, तेलटंचाईच्या काळात, एकदा झालेला आहे. भर थंडीत मुले अंधारात शाळेला जाऊ लागली, आईवडील संतापले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये काँग्रेसला तो निर्णय फिरवावा लागला. आमच्या भागात उन्हाळी वेळ कायम झाली तर जानेवारीत सूर्य सव्वाआठनंतर उगवेल, म्हणजे मुलांचा शाळेतला पहिला तास सुरू झाल्यावर.

संध्याकाळी ऑफिसातून परतल्यावर उजेडात बागेत फिरायला मिळते, हा युक्तिवाद मला समजतो आणि त्यातला आनंद मीही घेते. तरीही मुलांची सकाळ त्यासाठी खर्ची घालणे मला मान्य नाही. अमेरिकेतील निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञांची संस्था २०२० पासून बारमाही प्रमाणवेळेचा, म्हणजे हिवाळ्यातलीच वेळ वर्षभर ठेवण्याचा, आग्रह धरते आहे आणि माझेही मागणे तेच आहे: येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळे मागे घ्यावीत आणि त्यानंतर त्यांना कोणीही हात लावू नये. आमच्या भागाच्या प्रतिनिधीला हे पत्राने कळवणार आहे; मसुदा आज रात्रीच लिहायला घेते.