ओ पेशींची शेवटची नळी

संध्याकाळी स्त्रीरोग विभागातून मागणीपत्र आलं. पस्तिशीतली बाई, गर्भाशयात गाठी, कित्येक दिवस अंगावरून जातंय, हिमोग्लोबिन 4.8. रक्तगट ओ पॉझिटिव्ह, दोन पिशव्या तातडीने. रक्तपेढीत अशी मागणी रोजचीच. आमच्या फ्रीजमध्ये ओ पॉझिटिव्हचा कप्पा सहसा रिकामा नसतो. मी तेव्हा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रक्तसंक्रमणशास्त्राची रेसिडेंट होते आणि त्या दिवशी रात्रपाळी माझी होती.

रुग्णाच्या कागदावर गट लिहिलेला असला तरी तो नव्याने तपासायचा, तोही दोन्ही बाजूंनी, ही आमची शिस्त. आधी पेशींवरून: ए आणि बी ओळखणारी अँटी-ए आणि अँटी-बी ही द्रावणं टाकल्यावर काहीच झालं नाही, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणाऱ्या अँटी-डीला पेशींचा पुंजका आला. म्हणजे ओ पॉझिटिव्ह, कागदावर होतं तेच. मग उलट्या बाजूने: तिच्या सिरममध्ये, म्हणजे पेशी काढून उरलेल्या रक्तद्रवात, ए, बी आणि ओ गटाच्या ओळखीच्या पेशी टाकायच्या. ए आणि बीच्या नळ्यांत पुंजके यायला हवे होते, ते आले. ओच्या नळीत मात्र काहीही व्हायला नको असतं. ती नळी सेंट्रिफ्यूजमधून काढून हलवली, तर तळाला एकच घट्ट पुंजका. तो सुटेचना.

आमचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "मॅडम, हिच्याच पेशी हिच्या सिरममध्ये लावून बघा." लावल्या. नळी स्वच्छ. म्हणजे तिचं सिरम स्वतःच्या पेशींना काही करत नव्हतं, पण ओच्या पेशींवर तुटून पडत होतं. क्रॉसमॅचला, म्हणजे तिच्या सिरमशी जुळतात का ते बघायला, लावलेल्या ओच्या सगळ्या पिशव्या इनकॉम्पॅटिबल निघाल्या.

तेवढ्यात वॉर्डातून फोन. "मॅडम, तोपर्यंत ओ निगेटिव्ह द्या ना, ते तर सगळ्यांना चालतं."

माझ्या मनात जी शंका होती ती खरी असेल, तर तिला ओ निगेटिव्हसुद्धा ए किंवा बीइतकंच घातक होतं. मी त्यांना म्हटलं, कुठल्याही गटाची पिशवी लावू नका, मी स्वतः वर येते.

आपण शाळेत चार रक्तगट शिकतो. लाल पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्यूकोज नावाची साखर जोडली गेली की एच प्रतिजन, म्हणजे पेशीची एक ओळखखूण, तयार होतं. ए आणि बी ही प्रतिजनं या एचवरच चढतात. ओ गटाच्या माणसात एचवर पुढे काही चढत नाही, म्हणून ओच्या पेशींवर सर्वांत जास्त एच असतं. पण एखाद्या माणसात फ्यूकोज जोडणारं एफयूटी1 हे जनुक आई आणि वडील अशा दोन्हीकडून निकामी आलं असेल, तर एचच तयार होत नाही. भिंतच नसेल तर खुंटी कुठे ठोकणार? मग त्या माणसाकडे ए किंवा बीचं जनुक असूनही पेशीवर ते दिसत नाही. स्लाइडवर तो माणूस ओ दिसतो. त्याच्या रक्तात मात्र एचविरुद्धची प्रतिपिंडं जन्मानंतरच्या ओघात आपोआप तयार झालेली असतात. ती शरीराच्या तापमानालाही काम करतात आणि बाहेरच्या पेशी रक्तवाहिनीतच फोडतात. त्यामुळे आयुष्यातली पहिलीच पिशवीसुद्धा जीव घेऊ शकते.

हा बॉम्बे रक्तगट. 1952 साली परळच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातल्या वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांनी लंडनच्या सँगर, रेस, मॉर्गन आणि वॉटकिन्स यांच्यासोबत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. मजकूर जेमतेम दोन पानांचा. मोठा अभ्यास नव्हे, हजारो रुग्ण नव्हेत. आपल्या पेढीत कुणाशीच जुळत नसलेलं रक्त पाहून 'नमुना खराब असेल' म्हणत ते फेकून दिलं नाही, एवढीच त्याची सुरुवात. मुंबईतल्या प्रयोगशाळेत कुणीतरी अशी चिकाटी धरली म्हणून सत्तर वर्षांनी माझ्यासारख्या रेसिडेंटला रात्री काय शोधायचं ते ठाऊक होतं. केस रिपोर्टला संशोधनाच्या उतरंडीत सर्वांत खालची पायरी मानतात. मला ते कधीच पटलेलं नाही.

शंका आणि निदान यांत अंतर असतं. ओ पेशींशी पुंजका धरणारी दुसरीही कारणं आहेत: थंडीत काम करणारी अँटी-आय प्रतिपिंडं, किंवा जवळजवळ सगळ्यांच्या पेशींवर असणाऱ्या एखाद्या दुसऱ्या प्रतिजनाविरुद्धची. म्हणून नळ्या 37 अंशांवर ठेवल्या, पुंजका तसाच. प्रसूतिकक्षातून ओ गटाच्या नाळेचं रक्त मागवलं. अँटी-आय असतं तर नवजाताच्या पेशींशी ते फिकं पडलं असतं. इथे तितकाच घट्ट पुंजका. मग अँटी-एच लेक्टिन, म्हणजे एचला चिकटणारं प्रथिन. ते युलेक्स युरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात. पिवळ्या फुलांचं हे झुडूप निलगिरीत फोफावलेलं आहे. साध्या ओच्या पेशी लेक्टिनने झटक्यात गोळा झाल्या. तिच्या पेशी ढिम्म. लाळेतही एच सापडलं नाही, म्हणजे पेशींवर एच नसून लाळेत असणारा पॅरा-बॉम्बे हा जवळचा प्रकारही नव्हे.

वॉर्डात ती बसूनच श्वास घेत होती. झोपलं की दम लागायचा. ऑक्सिजन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, शिरेतून लोह आणि रक्तस्राव थांबवणारे हार्मोन, एवढं स्त्रीरोगवाल्यांनी सुरू केलं होतं. रक्ताशिवाय जेवढं करता येतं तेवढं सगळं. आणि मी तिच्या नवऱ्याला विचारत होते, सख्खे भाऊबहीण किती?

भारतात हा गट साधारण 10,000 माणसांत एकाचा म्हणतात. पण सख्ख्या भावंडांत प्रत्येकाची शक्यता चारांत एक असते. नात्यात लग्न झालेल्या घरांत दोन्ही बाजूंनी तेच निकामी जनुक येण्याची शक्यता वाढते. इथे वडिलांनी मामाची मुलगी केलेली होती. रातोरात निरोप गेले. पहाटे दोघे भाऊ टेम्पोतून आले. एक बहीण सीमेपलीकडे बेळगावकडे दिलेली, ती गरोदर, येऊ शकत नव्हती.

मोठा भाऊ साधा ओ निघाला. धाकट्याची ओ पेशींची शेवटची नळी बघताना दादा आणि मी दोघेही गप्प होतो. पुंजका आला. म्हणजे तोही बॉम्बे. बाहेर तो हात चोळत उभा होता. "मॅडम, आक्काला माझं रगत चालंल न्हवं?"

चालणार होतं, पण सरळ नाही. जवळच्या नातेवाइकाच्या रक्तातल्या जिवंत पांढऱ्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकून राहून त्याच्यावरच उलटू शकतात. तो आजार बहुधा जीवघेणा असतो. म्हणून अशी पिशवी आधी किरणोत्सर्ग देऊन घ्यावी लागते. आमच्याकडे ती सोय नव्हती. भावाचं 350 मिलिलिटर रक्त घेतलं, एचआयव्ही, कावीळ, गुप्तरोग, हिवताप या चाचण्या केल्या आणि पिशवी थंड पेटीतून कर्करोग रुग्णालयात जाऊन किरणं घेऊन परत आली. हा सगळा वेळ वॉर्ड दर थोड्या वेळाने विचारत होता आणि मला त्यांचा जराही राग येत नव्हता. दुसरी पिशवी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका दात्याची. दुर्मिळ दात्यांच्या यादीतून नंबर काढून फोन केला, तर "निघालोच" म्हणाला आणि रजा टाकून एसटीने आला. अशा माणसांचे आभार कसे मानायचे हे मला आजही सुचत नाही.

पिशवी अगदी सावकाश लावली. इतक्या कमी हिमोग्लोबिनला हृदय थकलेलं असतं. पहिली पंधरा मिनिटं मी खाटेजवळून हलले नाही. ताप नाही, कंबर दुखत नाही, लघवीचा रंग साफ. पुढे शस्त्रक्रिया नीट पार पडली.

पण या केसमधला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग यानंतरचा आहे.

नातेवाइकांचे गट गोळा करताना नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कार्डं काढली होती. त्याचा गट ए. मुलाच्या शाळेच्या आरोग्य कार्डावर एबी. ओ आई, ए बाप आणि एबी मुलगा, हे शाळेच्या तक्त्यात बसत नाही. तो खाली बघून म्हणाला, "गावातल्या लॅबवाल्यानं सांगितलं हुतं, असं हुतच न्हाई. तवापास्नं घरात..." आणि थांबला. त्या 'घरात'च्या पुढे त्या बाईने किती वर्षं काय सोसलं असेल, याचा अंदाज मला तिच्या न बोलण्यावरून येत होता.

मला उत्तर दिसत होतं, तरी अंदाजावर असं काही सांगायचं नसतं. नमुने संदर्भ प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला: तिच्याकडे बीचं जनुक आहे. एच नसल्यामुळे ते तिच्या पेशींवर दिसलं नाही. मुलाला वडिलांकडून एच तयार करणारं जनुक मिळालं, म्हणून त्याच्यात वडिलांचं ए आणि आईचं बी दोन्ही उघड झाले. 1955 मध्ये फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच एका कुटुंबात दाखवलं होतं: ओ दिसणारी आई, तिच्याकडून अपत्याला गेलेलं बी.

आमच्या प्राध्यापकांनी ठरवलं की आधी तिला एकटीला सांगायचं. रक्त तिचं, अहवाल तिचा. मी कागदावर आकृती काढून समजावलं. तिने शांतपणे ऐकलं, दोनदा विचारून खात्री केली, आणि म्हणाली, "हे समदं माझ्या सासूबाईंच्या म्होरं सांगा."

सांगितलं. ओपीडीत, नवरा आणि सासूबाई समोर बसवून, तीच आकृती पुन्हा काढून. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. काही बोलल्या नाहीत. नवरा रडला.

केस लिहायची ठरली तेव्हा संमतीपत्र घेऊन मी तिच्याकडे गेले. नाव छापणार नाही हे सांगितलं, पण तेवढं पुरेसं नव्हतं. दुर्मिळ गट आणि छोटा तालुका एकत्र आले की नावाची गरजच उरत नाही. म्हणून गाव, धंदा, मुलाचं वय, सगळं गाळलं. मुलाच्या गटाची गोष्ट लिहायची की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. ती म्हणाली, लिवा. दुसऱ्या कुणा बाईला उपयोग होईल.

तिला आणि भावाला गटाची कार्डं दिली: 'ओ गटाचं रक्त देऊ नये' ही ओळ लाल अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत. भावाचं नाव दुर्मिळ दात्यांच्या यादीत गेलं. बेळगावकडच्या बहिणीचा नमुना तिथल्या रुग्णालयाने पाठवला. तीही बॉम्बे निघाली, सातवा महिना, हिमोग्लोबिन 9.4. मी तिथल्या डॉक्टरांना फोन केला, लोह आत्तापासून जोमाने द्यायला सांगितलं, केसपेपरच्या पहिल्या पानावर गट लिहून घेतला. पुढचं रक्तदान करायला भावाला तीन महिने थांबणं भाग होतं आणि बाळंतपणाची तारीख त्याच सुमारास येत होती. दादांनी कॅलेंडरवर दोन्ही तारखांना खूण केली आणि एसटीने आलेल्या त्या दात्यालाही कळवून ठेवलं.