बर्फीचं सूत

बर्फी आमची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री, सात वर्षांची. पावसाळा सरला की तिचे केस इतके गळतात की रोज सकाळी केरसुणीला पुंजके अडकलेले असतात. दोन वर्षांपूर्वी मी ते उशीच्या अभ्र्यात साठवायला लागले. शाळेत आम्हाला टकळीचा तास होता. म्हटलं, बघू तरी सूत निघतंय का.

पहिल्यांदा सरसकट सगळे केस घेतले, ते चुकलं. वरचे राठ, चकचकीत केस सुतातून टोकं बाहेर काढतात आणि टोचतात. कामाची ती आतली लव, कापसासारखी. ती कापायची नाही, अंगावरून विंचरून घ्यायची. बर्फीच्या मांड्यांच्या मागे ती सगळ्यात दाट असते.

मग निव्वळ लवेचंच सूत कातलं. दिसायला देखणं, पण टकळी जरा जड झाली की हातातून तंतू सरकायचे आणि टकळी खाली. कसंबसं कातून टोपी विणली, तर आठवड्यात सैल पडली. मेंढीची लोकर कुरळी असते, म्हणून ताणली तरी परत जागेवर येते. कुत्र्याच्या लवेत तो गुण फार कमी. ऊब मात्र भरपूर.

म्हणजे तिला सोबत हवी. सासवडकडच्या एका धनगर मावशींकडून दख्खनी मेंढीची लोकर आणली, घोंगडीची असते ती, काळी आणि भरड. तिने लव घट्ट धरली, पण गळ्याशी टोचायला लागली. शेवटी मेरिनो मेंढीची मऊ लोकर मागवली. आता माझं माप ठरलंय: स्वयंपाकघरातल्या काट्यावर 40 ग्रॅम बर्फी, 60 ग्रॅम मेरिनो आणि रंगापुरती चिमूटभर दख्खनी. बर्फीलाच विंचरायचे बारीक तारांचे दोन ब्रश एकमेकांवर ओढून पिंजते. तीन-चारदा ओढल्यावर पिवळट, पांढरा, काळा असे वेगळे पट्टे दिसेनासे होतात. मग पेळू, म्हणजे कातायला लांबट गुंडाळ्या, वळायचे. कातताना पीळ थोडा जास्त द्यायचा, नाहीतर लव निसटते. दोन सुतं उलट्या पिळाने एकत्र वळली की दुपदरी धागा तयार. लडी कोमट पाण्यात शाम्पू घालून बुडवायची, पिळायची नाही, पंचात दाबून पाणी टिपायचं. दुसऱ्या पाण्यात कुत्र्याचा वास गेलेला असतो.

हे काही माझं नवल नाही. अमेरिका-कॅनडाच्या वायव्य किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी सॅलिश लोक लोकरीसाठीच कुत्री पाळायचे. गावातल्या इतर कुत्र्यांशी संकर होऊ नये म्हणून त्यांना छोट्या बेटांवर वेगळं ठेवायचे. 1792मध्ये तिथे गेलेल्या ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूव्हरने लिहून ठेवलंय की ती मेंढ्यांसारखी भादरलेली होती. सॅलिश विणकर बायकाही ही लोकर बहुतेक वेळा डोंगरी बकऱ्याच्या लोकरीत मिसळायच्या. ती जात आता उरलेली नाही. त्यातल्या ‘मटन’ नावाच्या एका कुत्र्याचं कातडं अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेलं आहे. त्याच्याबद्दल वाचलं त्या दिवशी मी बर्फीला जवळ घेऊन बराच वेळ बसले होते.

बाबांच्या मफलरसाठी 150 ग्रॅम धागा लागेल. 92 झालाय. आज सकाळी विंचरलेली लव धुऊन गच्चीत जाळीखाली वाळत घातलीय आणि बर्फी त्याच जाळीला टेकून झोपलीय.