साडेबत्तीस फूट बर्फ आणि आमचं होटन

अमेरिकेतल्या आमच्या होटन गावापासून कॉपर हार्बर या गावाकडे निघालं की मोहॉकच्या पुढे रस्त्याकडेला एक उंचच उंच पट्टी लागते. दिसते थर्मामीटरसारखी, पण मोजते बर्फ. सगळ्यात वरचा आकडा ३९०.४ इंच. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे एवढा बर्फ पडला होता, म्हणजे साडेबत्तीस फूट. लग्नानंतर होटनला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने मला ही पट्टी दाखवली. तिचा फोटो आईला पाठवला, तर तिचा लगेच फोन. "अगं, माणसं राहतात कशी तिथे?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायचं कधीपासून मनात होतं. आता चार हिवाळे काढून झालेत.

होटन हे अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं, सुमारे आठ हजार वस्तीचं गाव. लेक सुपीरियरमध्ये बोटासारखा घुसलेला कीविनॉ द्वीपकल्प आहे, त्याला मधोमध छेदणाऱ्या पाण्याच्या काठावर ते वसलं आहे. लेक म्हटल्यावर मी मूळची महाबळेश्वरची असल्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे वेण्णा तलाव आला होता. सुपीरियरचा पसारा मात्र ८२ हजार चौरस किलोमीटरचा आहे. पृष्ठभागाच्या हिशेबाने गोड्या पाण्याचं एवढं मोठं सरोवर जगात दुसरं नाही. पलीकडचा काठ दिसतच नाही, लाटा समुद्रासारख्या फुटतात, फक्त हवेला खारा वास नसतो.

बर्फ पडतो तो या तळ्यामुळेच, आणि त्यामागचं कारण महाबळेश्वरच्या माणसाला चटकन कळावं असं आहे. आपल्याकडे अरबी समुद्रावरचं बाष्प घेऊन वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो आणि पाऊस कोसळतो. इथे कॅनडाकडून कोरडा, गोठलेला वारा येतो. तळ्याचं पाणी त्याच्या मानाने उबदार असतं. त्यावरून येताना वारा बाष्प उचलतो आणि कीविनॉच्या डोंगरकण्यावर चढताना बर्फ करून टाकून देतो. नोव्हेंबरपासून दिवसेंदिवस भुरभुर चालूच राहते, थेट आपल्या आषाढातल्या झडीसारखी. एक गोष्ट तळ्याच्या बाजूनेही सांगायला हवी. त्याच्या उबेमुळे इथली थंडी मिनेसोटाच्या आतल्या भागाइतकी जीवघेणी होत नाही.

महाबळेश्वरला पावसाळ्याआधी घरांना गवताचे झाप बांधतात. इथे ऑक्टोबरमध्ये लोक दारापासून रस्त्यापर्यंत लाकडी छप्पर असलेली वाट उभी करतात. ते पाहिलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

फरक आहे तो पुढे. आमच्या लहानपणी पाऊस म्हणजे चार महिने घरात, ओलसर गोधडीत. इथे बर्फ पडला की माणसं बाहेर पडतात! पहाटे अंधारातच नांगराच्या गाड्या रस्ते साफ करून जातात. त्यांना वाव मिळावा म्हणून हिवाळाभर रात्री रस्त्यावर गाडी लावायला बंदी असते. मग घरोघरी स्कूप निघतात. स्कूप म्हणजे मोठ्या घमेल्याला कमरेइतका दांडा लावावा तसं अवजार. बर्फ उचलायचा नसतो. स्कूप त्यात खुपसायचा, मांडीने रेटायचा आणि घसरवत नेऊन ओतायचा. हे मला शेजारच्या फिनिश वंशाच्या आजींनी शिकवलं. वय ८१. पहिल्या दिवशी मी फावड्याने उपसत होते, तर त्या पलीकडून आल्या, हातातलं फावडं काढून घेतलं आणि स्कूप दिला. काम झाल्यावर त्यांच्या सॉनामध्ये, म्हणजे वाफेच्या खोलीत बसवलं. तापल्या दगडांवर पाणी पडल्याचा तो चर्र आवाज आणि अंगावर येणारी वाफ यांच्यासाठी मी आता शनिवारची वाट बघते.

पाणी गोठलं की त्यावर मासेमारीच्या झोपड्या उभ्या राहतात. होटन आणि पलीकडचं हॅनकॉक यांना जोडणारा १९५९ सालचा उचलपूल आहे. उन्हाळ्यात तो बोटींसाठी वर जातो, हिवाळ्यात त्याच्या खालच्या मजल्यावरून स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या धावतात. समोरच्या टेकडीवरचं माँट रिप्ली हे स्कीइंगचं मैदान मिशिगन टेक विद्यापीठाचं आहे, त्यामुळे विद्यार्थी तास संपला की थेट तिथे. याच विद्यापीठात १९२२ पासून विंटर कार्निव्हल भरतो. पोरं महिनाभर बर्फात पाणी कालवून थापतात आणि दोन मजली वाडे उभे करतात. शेवटच्या रात्री सगळं गाव जागं. त्या गर्दीत मला दर वर्षी कुठून ना कुठून मराठी ऐकू येतं, कधी नाशिकचं, कधी सांगलीचं. एका पोराने तर पाठीमागून "अरे, पकड ना नीट, पडतंय!" अशी आरोळी ठोकली आणि माझ्या पोटात कालवलं.

अडचणी आहेत. तज्ज्ञ डॉक्टरसाठी कधी कधी दीडशे किलोमीटरवर मार्केट नावाच्या शहरात जावं लागतं, आणि त्या दिवशी वादळ असेल तर तारीख पुढे ढकलायची. डिसेंबरात साडेआठ वाजले तरी सूर्य उगवत नाही. पहिल्या वर्षी या अंधाराने मी फार खचले होते. सावरले ती बाहेर पडून, घराजवळच्या झाडीतल्या स्कीच्या वाटेवर रोज अर्धा तास चालून. म्हणून राहण्याजोगं गाव कोणतं असं विचाराल तर मी हवामान सांगणार नाही. काठ कोणाचा आहे ते विचारा. होटनने जुन्या रेल्वेमार्गाची जागा मोकळी करून पाण्याच्या कडेने कित्येक किलोमीटरची वाट केली. त्याच काठावर वाचनालय आहे, मुलांची खेळाची बाग आहे. पाण्यापर्यंत जायला कोणी अडवत नाही, तिकीट मागत नाही. मे महिन्यातल्या वेण्णाकाठची गाड्यांची रांग आठवली की मला गलबलून येतं. तिथल्या लोकांनाही असा निवांत काठ मिळायला हवा.

गेल्या जुलैत आई आली. उन्हाळा इथे लहान पण अप्रतिम असतो. रात्री पावणेदहापर्यंत उजेड. थिंबलबेरी ऑगस्टात पिकते, त्यामुळे ती हुकली, नाहीतर करवंदांसारखी झुडपातून ओरबाडून खाल्ली असती. एका संध्याकाळी तिला तळ्याकाठच्या एसरी पार्कच्या खडकांवर नेलं. तिने काठी बाजूला ठेवली, वाकून दगडावरून हात फिरवला. काळा, खडबडीत, मधूनच छिद्रं, छिद्रांत पांढरी गार भरलेली.

"हा तर आपला काळा कातळ."

खरंच होता. सह्याद्री साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि हा तब्बल ११० कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. इथल्या खाणींतलं तांबंही याच जुन्या थरांतलं. मी हे सांगत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती पाण्यात पाय सोडून बसली होती, गारठ्याने बोटं आखडली तरी काढत नव्हती. सूर्य टेकला तेव्हा म्हणाली, "जानेवारीत विमानाचं तिकीट स्वस्त असतं का गं?"