बॉलला हात न लावणाऱ्याचे मार्क

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे बदलतात, प्रश्नाची धाटणी तीच असते. "मॅच रविवारी संपली, कोण जिंकलं ते जगाला कळलं. मग तुम्ही बुधवारपर्यंत एकेका खेळाडूला कसले मार्क देत बसता? आणि ज्याच्या हातात अख्ख्या मॅचमध्ये एकदाही बॉल आला नाही, त्याला सगळ्यांत वर बसवता, ते कुठल्या हिशोबाने?" क्लीव्हलँडच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत हे विचारतात, पुण्याहून आलेले पाहुणे विचारतात. पिट्सबर्गचे मराठी मित्र तर विचारतही नाहीत, थेट टोमणाच मारतात. त्यांच्याकडे शेवटी येतो.

मार्क का देतो, याचं उत्तर सोपं आहे. मी अमेरिकन फुटबॉलमधल्या क्लीव्हलँड ब्राउन्स या टीमचा पाठीराखा आहे. जिंकणाऱ्या टीमच्या माणसाला मार्कांची गरज पडत नाही, त्याचं निकालावर भागतं. आमचं कसं भागणार? 2016 मध्ये ब्राउन्सनी सोळापैकी एक मॅच जिंकली आणि 2017 मध्ये तीही नाही. सोळाच्या सोळा हरले. 2018 च्या जानेवारीत, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, लोकांनी स्टेडियमभोवती 'परफेक्ट सीझन'ची मिरवणूक काढली, तीही शून्याचा आकार होईल अशी गोल फिरून. (क्लीव्हलँडकरांची विनोदबुद्धी हा स्वतंत्र विषय आहे.) अशा वर्षी निकाल बघून तुम्हाला काय कळणार? सगळेच नालायक होते, एवढंच. आणि ते खोटं होतं, कारण त्याच टीममध्ये जो थॉमस होता.

थॉमस 2007 मध्ये आला आणि लेफ्ट टॅकल म्हणून खेळला. हा खेळ न बघणाऱ्यांसाठी थोडक्यात: बॉल टाकणारा तो क्वार्टरबॅक, आणि त्याच्यापुढे पाच आडदांड माणसांची भिंत असते, तिला लाइन म्हणतात. क्वार्टरबॅक बहुधा उजव्या हाताचा असतो, त्यामुळे पास टाकायला वळला की डावीकडून येणारा हल्लेखोर त्याला दिसत नाही. त्या बाजूला भिंतीच्या टोकाला जो उभा असतो, तो लेफ्ट टॅकल. नियमाप्रमाणे तो एरवी पास झेलूही शकत नाही. हल्लेखोराला अडवायचं, बस्स. थॉमसने हे सलग 10,363 स्नॅप केलं, म्हणजे तितक्या वेळा खेळ सुरू झाला आणि एकदाही तो बाहेर बसला नाही. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये दंडाचा स्नायू फाटला तेव्हाच थांबला. पहिली दहाच्या दहा वर्षं त्याची प्रो बोलसाठी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंत, निवड झाली, आणि त्याच्या वाट्याला प्लेऑफची, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीची, एकही मॅच आली नाही. 2023 मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातल्या दिग्गजांच्या दालनात, गेला, ते इथून तासाभरावर कँटनला आहे.

आता मला सांगा, थॉमस चांगला होता हे कुठल्या आकड्यावरून कळलं? धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात, क्वार्टरबॅकसाठी तर 1973 पासून एक किचकट सूत्र आहे, ज्यात जास्तीत जास्त 158.3 मिळतात. क्वार्टरबॅकला आडवं पाडलं की सॅक, तोही 1982 पासून खेळाडूच्या नावावर अधिकृतपणे मोजला जातो. लाइनमनच्या नावावर काय? फाउल. अंपायरने पिवळा रुमाल टाकला की त्याचा नंबर स्पीकरवर ऐकू येतो. म्हणजे चोपडीत त्याची नोंद होते ती फक्त चुकला तर. ज्याला हे विचित्र वाटत नाही, त्याला माझे मार्क पटणार नाहीत.

कसे देतो, ते आता. टीव्हीचा कॅमेरा बॉलच्या मागे धावतो. पण उंचावरून घेतलेली आणखी एक फिल्म असते, तिच्यात बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. पूर्वी ती फक्त कोच लोकांकडे असायची. 2012 पासून पैसे भरून कुणालाही बघता येते. त्यातला एकच प्ले, म्हणजे स्नॅपपासून खेळ थांबेपर्यंतचा एक डाव, मी परत परत लावतो. एकदा फक्त लाइन, एकदा झेलणारे, मग उरलेले. प्ले चालतो पाच-सहा सेकंद, पण बघायला पाच मिनिटं लागतात. दोन्ही टीम मिळून मॅचमध्ये असे सव्वाशेच्या आसपास प्ले होतात. आता कळलं बुधवार का उजाडतो?

एक प्ले जवळून बघू. तिसरा डाउन आहे, म्हणजे चारपैकी तिसरा प्रयत्न, आठ यार्ड हवेत, पास येणार हे पोरासोरांनाही माहीत आहे. स्नॅप होतो. डावा टॅकल उजव्या पायाने रेटा देऊन डावा पाय तिरका मागे सरकवतो, पुन्हा सरकवतो. गुडघे वाकलेले, पाठ सरळ. समोरचा सव्वाशे किलोचा गडी बाहेरून वळसा घेत येतोय. टॅकल हात लगेच टाकत नाही. घाईने टाकले की समोरचा ते झटकून आत घुसतो. तो थांबतो, अंतर हातभर उरलं की दोन्ही पंजे समोरच्याच्या छातीत रोवतो आणि त्याला त्याच्याच वेगाने पुढे जाऊ देतो, फक्त थोडा बाहेरून. तो गडी क्वार्टरबॅकच्या पाठीमागून, दोन यार्डांवरून, निघून जातो. झालं तीन सेकंदांत. टीव्हीवर तुम्ही पाहिलात तो चाळीस यार्डांचा पास.

इथे टॅकलला अधिक मार्क. आता हेच उलटं करू. टॅकलने तितकंच चोख काम केलं, पण क्वार्टरबॅक पाच सेकंद बॉल कवटाळून उभा राहिला आणि शेवटी त्याच गड्याने मागे फिरून त्याला झोपवलं. नोंद होईल सॅक म्हणून. टॅकलला मी उणे देत नाही. आणखी एक पर्याय: टॅकल दीड सेकंदात सपशेल हरला, पण बॉल तोवर सुटला होता आणि टचडाउन झालं, म्हणजे बॉल गोलरेषेपार गेला. स्टेडियम नाचतंय, आणि माझ्या वहीत टॅकलपुढे उण्याची खूण. क्रिकेटवाल्यांना हे समजायला हरकत नाही. बॉलला कड लागते, स्लिपमधला कॅच सुटतो, बॉल सीमेपार जातो. गोलंदाजाच्या नावावर चार रन लागतात, पण बघणारा म्हणतो, काय बॉल टाकला! मी फक्त ते 'काय बॉल टाकला' लिहून ठेवतो.

हेच काम धंदा म्हणून करणारी एक कंपनी आहे, प्रो फुटबॉल फोकस. तिची सुरुवात केली नील हॉर्न्सबी नावाच्या इंग्रज माणसाने, इंग्लंडात बसून, अटलांटिकच्या पलीकडचा खेळ बघत. (आम्हा देशी लोकांना हे ऐकून भारी बरं वाटतं.) त्यांची पद्धत अशी: प्रत्येक खेळाडूला प्रत्येक प्लेला उणे दोन ते अधिक दोन, अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने. शून्य म्हणजे अपेक्षेइतकं काम. मग त्या सगळ्याचं रूपांतर शंभरपैकी आकड्यात. सप्टेंबर 2015 मध्ये यावरून रण माजलं. ग्रीन बेच्या ॲरन रॉजर्सने कॅन्सस सिटीविरुद्ध 333 यार्ड आणि पाच टचडाउन टाकले, एकही बॉल प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला नाही, आणि यांनी त्याला दिले उणे 0.8. लोक तुटून पडले. पण त्यांचं म्हणणं मला आजही पटतं: छोटे, मोकळ्या माणसाला दिलेले पास कुठलाही बरा क्वार्टरबॅक देतो, त्याला शून्य. पुढचं अंतर झेलणाऱ्याने पळून काढलं, ते त्याचं. चुकांचे मात्र उणे कापले गेले. मी असतो तर शून्याच्या थोडा वर ठेवला असता, पण पाच टचडाउन म्हणून डोक्यावर घेतला नसता.

बॉलला हात न लावणाऱ्याचा मुद्दा ज्याला पटत नाही, त्याला मी 1 फेब्रुवारी 2015 चा सुपर बोल, म्हणजे हंगामाची फायनल, दाखवतो. न्यू इंग्लंड 28, सिॲटल 24, मिनिटभर उरलेला. सिॲटल गोलरेषेपासून पाच यार्डांवर. मार्शॉन लिंचच्या हाती बॉल दिला, तो चार यार्ड गेला. कागदावर सिॲटलसाठी उत्तम. प्रत्यक्षात न्यू इंग्लंडचा डोंटा हायटॉवर, दुखावलेल्या खांद्याने, अडवणाऱ्याच्या पकडीतून सुटून लिंचच्या पायांत शिरला नसता, तर लिंच आतच गेला असता. चार यार्ड देणारा टॅकल (इथे टॅकल म्हणजे बॉलवाल्याला पाडणं), आणि माझ्या मते त्या रात्रीचा सगळ्यांत मोलाचा.

पुढचा प्ले सगळ्यांना माहीत आहे. 26 सेकंद उरलेले असताना रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटला पास टाकला आणि माल्कम बटलर नावाच्या, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, कुणीही न घेतलेल्या न्यू इंग्लंडच्या नवख्या पोराने तो मध्येच पळवला. बटलर रातोरात अमर झाला, आणि हक्काने झाला. पण फिल्म पुन्हा लावा आणि बटलरकडे बघू नका. त्याच्या पुढे त्याच्याच टीमचा ब्रँडन ब्राउनर उभा आहे, समोर सिॲटलचा जर्मेन कर्स. कर्सचं काम होतं ब्राउनरला मागे ढकलून बटलरची वाट अडवायचं, म्हणजे मागून निघालेला लॉकेट मोकळा. ब्राउनर त्याआधी सिॲटलकडूनच खेळलेला, ही चाल त्याला ओळखीची. स्नॅप होताक्षणी त्याने कर्सला दोन्ही हातांनी जागीच खिळवला. कर्स तसूभर हलला नाही. बटलरला समोर उघडा रस्ता मिळाला. अधिकृत नोंदीत त्या प्लेमध्ये ब्राउनरच्या नावापुढे काहीही नाही. मी बटलरला अधिक दोन देतो, ब्राउनरलाही अधिक दोन.

आता या धंद्याची खरी गोची. बाहेरून मार्क देणाऱ्याला खेळाडूला काम काय दिलं होतं, तेच माहीत नसतं. ब्राउनरचं उघड दिसतं, सगळ्यांचं नाही. समजा लाइनचे डावीकडचे दोघेही आत वळले आणि बाहेरून एक लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी) मोकळा सुटून क्वार्टरबॅकवर गेला. चूक कुणाची? टॅकलची? मागे उभ्या असलेल्या धावणाऱ्याची? की 'तो मोकळा येणार, तू बॉल लवकर सोड' असं क्वार्टरबॅकलाच सांगून ठेवलं होतं? फिल्म तिन्ही उत्तरं मान्य करते. कॉर्नरबॅकचंही, म्हणजे कडेला झेलणाऱ्यावर पहारा देणाऱ्याचंही, तेच. झेलणारा त्याला चकवून आत घुसला असं आपल्याला दिसतं, आणि खरं तर आतली बाजू सेफ्टीकडे, म्हणजे सगळ्यांत मागच्या बचावपटूकडे, सोपवलेली असते. कोच चिडतात ते यावरच, आणि त्यांचं खोटं नाही. खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडमध्ये आता चिपा असतात, कोण कुठे होता हे इंचात कळतं. काय सांगून पाठवला होता, ते चिपेला कळत नाही.

कोचला मात्र ते ठाऊक असतं, कारण काम त्यानेच दिलेलं असतं. फिल्म बघून एकेका खेळाडूला मार्क द्यायची रीत मुळात आणली ती पॉल ब्राउन यांनी, ज्यांच्या नावावरून आमच्या टीमचं नाव पडलं. 1963 मध्ये क्लीव्हलँडने त्यांना काढून टाकलं (ते इथे अजून कुणी विसरलेलं नाही) आणि मग त्यांनी सिनसिनाटीची टीम उभी केली. त्या टीममध्ये क्रिस कॉलिन्सवर्थ झेलणारा म्हणून खेळला, आणि 2014 मध्ये हॉर्न्सबीच्या कंपनीतला मोठा हिस्सा त्याच कॉलिन्सवर्थने घेतला. कंपनी आता सिनसिनाटीत आहे. गंगा फिरून आमच्या ओहायो राज्यातच आली.

म्हणून माझ्या वहीत तीनच खुणा आहेत: अधिक, शून्य, उणे. अगदीच ब्राउनरसारखं काही दिसलं तर दुप्पट. काम कुणाचं होतं ते समजलं नाही तर रकाना कोरा. 71.4 आणि 70.9 मधला फरक सांगणाऱ्याचं मला कौतुक वाटतं, विश्वास बसत नाही. दशांशाने हुशारी दिसते, एवढंच.

राहता राहिले पिट्सबर्गकर. 2023 च्या हंगामात त्यांच्या टी. जे. वॉटचे 19 सॅक, लीगमध्ये सर्वांत जास्त. आमच्या माइल्स गॅरेटचे 14. बचावपटूचा सर्वोच्च पुरस्कार गेला गॅरेटला. वॉटने त्याच रात्री एका ओळीत नाराजी लिहून टाकली आणि पिट्सबर्गच्या मित्रांनी माझा फोन दिवाळीसारखा वाजवला. "पाच सॅक जास्त आहेत रे, गणित येतं ना तुला?"

येतं. पण सॅकमध्ये क्वार्टरबॅकचाही हात असतो, तो किती वेळ बॉल धरून बसतो यावर बरंच ठरतं. गॅरेटवर समोरचे बऱ्याचदा दोन माणसं घालतात. दोघांत अडकून तो क्वार्टरबॅकला आडवं न पाडता परततो तेव्हा दुसऱ्या टोकाचा आमचा माणूस एकट्या टॅकलसमोर उरतो आणि सॅक त्याच्या नावावर जातो. माझ्या खुणांत त्या वर्षी गॅरेट वर होता. वॉट फार मागे नव्हता, हेही लिहिलेलं आहे, आणि धावणाऱ्याला अडवण्यात तो काही आठवडे सरस होता. यावर मित्राचं म्हणणं असं की ब्राउन्सच्या माणसाने ब्राउन्सच्या खेळाडूला मार्क द्यायचे आणि वर निःपक्षपाती म्हणवून घ्यायचं, हा कुठला न्याय? त्याला म्हटलं, वॉटचे तुला हवेत ते वीस प्ले काढून आण, माझ्या घरी बसून दोघं मिळून खुणा करू. चहा माझा. अजून आलेला नाही.