बेळगाव सीमाभागात मोटरहोम : पाणी कुठे भरावे, कुठे सोडावे

निपाणी, संकेश्वर, बेळगाव, जांबोटी, कणकुंबी, खानापूर, हलशी, कित्तूर, सौंदत्ती, गोकाक, हिडकल आणि परत संकेश्वर असा फेरा आम्ही पती-पत्नीने या हिवाळ्यात मोटरहोमने केला. हा वृत्तांत मुख्यतः गाडीतल्या पाण्याच्या टाकीविषयी आहे. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस, माती आणि खडक इतक्या लवकर बदलतात की सकाळी भरलेल्या आणि संध्याकाळी भरलेल्या पाण्याला एकच नियम लावता येत नाही. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यावरचा, मुसळधार पावसाचा आणि तांबड्या मातीचा आहे. सौंदत्तीच्या बाजूला काळी जमीन, कमी पाऊस आणि बोअरचे जड पाणी आहे. टाकी कुठे भरायची आणि कुठे रिकामी ठेवायची हे या फेऱ्यात निघण्यापूर्वीच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या गाडीत पलंगाखाली, दोन्ही अ‍ॅक्सलच्या मध्ये १२० लिटरची प्लॅस्टिकची टाकी आहे, तिला १२ व्होल्टचा पंप जोडलेला आहे आणि सांडपाण्यासाठी स्वतंत्र टाकी आहे. टाकीतले पाणी आम्ही अंघोळ, भांडी आणि हात धुण्यासाठी वापरतो. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी २० लिटरच्या दोन बंद जारमध्ये वेगळे ठेवतो. ही विभागणी नव्याने निघणाऱ्या प्रत्येकाने करावी, कारण त्यामुळे टाकीत थोडे जड किंवा किंचित गढूळ पाणी आले तरी प्रवास अडत नाही आणि पोटालाही धोका राहत नाही.

निघण्याच्या आदल्या रात्री टाकी निर्जंतुक करून घ्यावी. सुगंध नसलेले ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट दर १०० लिटरला १०० मिलिलिटर घेतले की क्लोरीनचे प्रमाण लिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम होते. आधी फिल्टरची कार्ट्रिज काढून ठेवावी, कारण कार्बन क्लोरीन शोषून घेतो आणि औषध पुढच्या पाइपांपर्यंत पोहोचतच नाही. मग टाकी काठोकाठ भरून प्रत्येक तोटी आणि शॉवर क्लोरीनचा वास येईपर्यंत चालू ठेवावा आणि किमान चार तास, शक्य असल्यास रात्रभर, पाणी तसेच राहू द्यावे. सकाळी सगळे सोडून द्यावे आणि वास जाईपर्यंत साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे. हायपोक्लोराइट मिळाले नाही, तर ग्रामपंचायती विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर, चालते. १०० लिटरला साधारण १५ ग्रॅम पावडर बादलीत कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच टाकीत ओतावी. चुना आत गेला तर पंपाची गाळणी तुंबते. टाकीतला पांढरा थर काढायला काही जण व्हिनेगर वापरतात. ते वेगळ्या दिवशी आणि टाकी पूर्ण धुतल्यावरच वापरावे, क्लोरीनबरोबर कधीही नाही, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

टाकी भरण्यासाठी या फेऱ्यातले सर्वांत चांगले ठिकाण बेळगाव शहर. शहराला राकसकोप आणि हिडकल जलाशयांतून पाणी येते, ते शुद्ध करून क्लोरीन घालूनच सोडले जाते, आणि टाकीत दोन-तीन दिवस राहणाऱ्या पाण्याला हा उरलेला क्लोरीनच सांभाळतो. लॉजवर किंवा नातेवाइकांकडे उतरणार असाल तर नळाला पाणी येण्याची वेळ आधी विचारून घ्यावी. पहिल्या दोन बादल्या बाहेर सोडाव्यात आणि मगच पाइप टाकीच्या तोंडाला लावावा. पाइप पिण्याच्या पाण्यासाठीचा, अपारदर्शक असावा. बागेतल्या पारदर्शक पाइपात उन्हाने शेवाळ धरते आणि पाण्याला रबराची चव येते. भरताना टाकीची हवा बाहेर जाणारी बारीक नळी मोकळी आहे का, हे बोट लावून पाहावे. ती चिखलाने बुजली असेल आणि नळाला जोर असेल, तर टाकी फुगते आणि सांधे सुटतात.

जांबोटीमार्गे कणकुंबीला आणि पुढे चोर्ला घाटाकडे जाताना वजनाचा विचार करावा लागतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. १२० लिटर म्हणजे दोन धडधाकट माणसे. वजनापेक्षाही अर्ध्या टाकीतले हेलकावणारे पाणी वळणांवर आणि ब्रेक लावताना जास्त त्रास देते, म्हणून घाटात टाकी पूर्ण भरलेली तरी असावी किंवा तळाशी थोडेच पाणी असावे. आम्ही तळाशी थोडेच पाणी ठेवले, कारण वर पाण्याची टंचाई नाही. ऊसतोडीच्या दिवसांत निपाणी-संकेश्वर आणि गोकाकच्या रस्त्यांवरही हे लक्षात ठेवावे. पुढचा दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अचानक थांबतो आणि भरलेल्या गाडीला थांबायला जास्त अंतर लागते. चालत्या गाडीत पंपाचा खटका बंदच असावा, म्हणजे एखादा सांधा निसटला तरी सगळी टाकी गाडीत रिकामी होणार नाही. मुक्कामी सगळ्या तोट्या बंद असताना पंप मध्येच घुरघुरला, तर कुठेतरी गळती आहे असे समजून लगेच शोध घ्यावा.

जांबोटीच्या पुढे एका घराशी आम्ही पाणी मागितले. पाइप आणि छोटा पंप बाहेर काढताच आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पाइप नको हं सोडूस आडात. पोहरा हाय न्हवं, काढून घे की." त्यांचे म्हणणे अगदी रास्त होते, कारण दहा ठिकाणची धूळ लागलेला पाइप लोकांच्या पिण्याच्या आडात सोडणे कुणालाही खपणार नाही. पोहऱ्याने काढलेले पाणी दुहेरी सुती फडक्यातून बादलीत घेऊन मग नरसाळ्याने टाकीत ओतले. फडक्यावर विटेच्या रंगाचा मऊ गाळ राहिला. हा तांबड्या मातीचा बारीक कण पंपाच्या गाळणीत जाऊन बसतो. या भागातले पाणी चवीला हलके असते आणि साबणाला भरपूर फेस येतो, तरी त्यात क्लोरीन नसतो. म्हणून आडाच्या पाण्याने भरलेल्या १०० लिटरला तेच ५ टक्क्यांचे द्रावण फक्त २ मिलिलिटर घालावे आणि अर्धा तास थांबून वापरावे. पिण्यासाठी ते उकळूनच घ्यावे.

सांडपाण्याविषयी मला आग्रहाने सांगायचे आहे. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथल्या माउली मंदिरात लोक श्रद्धेने येतात, आणि हीच नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात अडवली जाऊन हुबळी-धारवाडच्या घरांत पिण्यासाठी जाते. उगमापाशी, हब्बनहट्टीला किंवा असोग्याच्या घाटावर साबणाचे पाणी सोडणे हे त्या सगळ्यांच्या पाण्यात सोडणे आहे. शिवाय या बाजूला भीमगड अभयारण्याचे जंगल लागते. सांडपाण्याची टाकी बेळगावात रिकामी करून निघावे आणि नंतर खानापुरात किंवा कित्तूरला लॉजवाल्याची परवानगी घेऊन शौचालयाच्या गटारात सोडावी. भांडी आधी कागदाने पुसून घेतली की सांडपाणी जवळजवळ निम्मे होते.

खानापूर, नंदगड, हलशी या टप्प्यात पाण्याची अडचण येत नाही. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिरासाठी निवांत वेळ ठेवावा. बिडीवरून कित्तूरला पोहोचेपर्यंत मुख्य टाकी भरून घ्यावी, कारण बैलहोंगलच्या पुढे पाण्याचा गुण बदलतो.

सौंदत्तीकडे पेट्रोल पंपांवर आणि ढाब्यांवर बहुधा बोअरचे पाणी मिळते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो, तो जवळ बाळगावा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तरच २००० पर्यंत चालते. मात्र मीटर फक्त क्षार दाखवतो, जंतू दाखवत नाही, त्यामुळे कमी आकडा म्हणजे सुरक्षित पाणी असा अर्थ काढू नये. असे जड पाणी एकदा चहाच्या किटलीत उकळले तर तळाशी खडूसारखी पांढरी साय धरते आणि बोटाने खरवडल्याशिवाय निघत नाही. गाडीत गिझर असेल तर त्याच्या कॉइलवरही हीच साय बसते. म्हणून या पट्ट्यात टाकीत नवे पाणी न भरता कित्तूरला भरलेले पुरवून वापरावे. बादली आणि तांब्याने अंघोळ केली तर माणशी दहा लिटरमध्ये भागते, आणि भांडी व हात धुणे धरून दोघांना दिवसाला चाळीस लिटर पुरेसे होतात.

पिण्याच्या पाण्याची सोय कर्नाटकातल्या खेड्यांत चांगली आहे. 'शुद्ध कुडियुव नीरिन घटक' असे कन्नडमध्ये लिहिलेली छोटी खोली गावोगावी दिसते. तिथे नाणे टाकले की २० लिटरचा जार भरतो. सुट्टी नाणी जवळ ठेवावीत आणि जार स्वतःचा न्यावा. हे आरओचे पाणी मुख्य टाकीत ओतू नये. त्यात क्लोरीन उरलेला नसतो, म्हणून मोठ्या, गरम होणाऱ्या टाकीत ते नळाच्या पाण्यापेक्षा लवकर बिघडते. बंद जारमध्ये, सावलीत ठेवून दोन दिवसांत संपवावे. यल्लम्माच्या यात्रेच्या पौर्णिमांना डोंगरावर कोल्हापूर-सांगलीपासूनच्या भाविकांची अफाट गर्दी असते. त्या दिवसांत वर पाणी मिळेल या भरवशावर जाऊ नये, जार खालीच भरून घ्यावेत.

यरगट्टीमार्गे गोकाकला येताना आमची टाकी जवळपास रिकामी झाली होती, आणि तसेच ठरवलेले होते. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीचा असला तरी तिथल्या कातळावर गाडीसाठी पाणी भरण्याची जागा नाही. गावातल्या लॉजवर विचारावे. हिडकलवरून संकेश्वरला आलो की महामार्ग लागतो आणि घर जवळ असेल तर पुन्हा भरण्याची गरजच राहत नाही.

घरी आल्यावर गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकीचा खालचा कॉक उघडून सगळे पाणी काढावे, तोट्या उघड्या ठेवून पंप काही सेकंद चालवून पाइपांतले पाणीही बाहेर काढावे, पंपाची गाळणी उघडून त्यातला गाळ धुवावा आणि टाकीच्या तोंडावर झाकणाऐवजी बारीक जाळी बांधून आत हवा खेळती ठेवावी. जार उन्हात उलटे वाळवून मगच बूच लावावे.