लेझरच्या जागी पेन बसवताना: माझा अनुभव

लग्नपत्रिकेच्या पाकिटांवर पाहुण्यांची नावे लेझरने कोरली, तर अक्षरांच्या कडा तपकिरी पडतात आणि कागदाला जळकट वास येतो. शुभकार्याच्या पाकिटावर असा डाग कोणालाच चालत नाही. नागपुरातील आमच्या छोट्या कार्यशाळेत नामफलक कापण्यासाठी निळ्या डायोडचे ५ वॅटचे लेझर यंत्र होतेच. त्याच यंत्राकडून शाईने लिहून घ्यावे, असे मी ठरवले. आडव्या-उभ्या सरकण्याची रचना, मोटरी आणि कंट्रोलर हे सारे तयार होते. उरलेली अडचण एवढीच, की प्रकाशाला वजन नसते आणि पेनाला असते. लेझर क्षणात पेटतो व विझतो, पेन मात्र उचलायला आणि टेकवायला वेळ घेतो. पुढची जवळजवळ सगळी खटपट या एका फरकापायी झाली.

पेन धरण्याचा साचा मी याच यंत्रावर ३ मिलिमीटर प्लायवूडमधून कापून घेतला. (पारदर्शक अॅक्रिलिक अधिक देखणे दिसले असते, परंतु निळा प्रकाश त्यातून आरपार जातो, त्यामुळे डायोड लेझरने ते कापता येत नाही.) मग लेझरचे मॉड्यूल पूर्ण काढून त्याच्याच स्क्रूंच्या जागी साचा बसवला. पेन दोन बारीक सळ्यांवर खालीवर सरकते आणि स्वतःच्या वजनाने कागदावर टेकते. छोटी सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी मोटर) ते फक्त उचलते, दाबत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण मोटरने पेन दाबले की कागदाच्या जरा उंच भागात टोक रुतते आणि सखल भागात रेघ तुटते.

सर्व्हो सीताबर्डीच्या बाजारात सहज मिळाली. तिला कंट्रोलरशी जोडणे तेवढे सहज नव्हते. आमचा कंट्रोलर बोर्ड जीआरबीएलवर, म्हणजे आज्ञा वाचून मोटरी हलवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतो. लेझरची तीव्रता ठरवणारा त्याचा सिग्नल सेकंदाला सुमारे १००० स्पंद देतो, तर सर्व्होला सेकंदाला ५० स्पंद लागतात आणि प्रत्येक स्पंदाच्या १ ते २ मिलिसेकंद रुंदीवरून ती आपला कोन ठरवते. म्हणून मध्ये एक आर्डुइनो नॅनो, म्हणजे प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड, ठेवला: सिग्नल आला की पेन खाली, थांबला की वर. मॉड्यूलच्या वायरींपैकी सिग्नल आणि ग्राउंड एवढ्याच वापरल्या आणि १२ व्होल्टची वायर टेप लावून बंद केली. सर्व्होला ५ व्होल्टचा पुरवठा वेगळा दिला, कारण ती झटका घेते तेव्हा व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होऊ शकतो.

जीआरबीएलचा लेझर मोड, म्हणजे $३२ ही सेटिंग, शून्यावर आणणे आवश्यक होते. त्या मोडमध्ये यंत्र न थांबता तीव्रता बदलत जाते, आणि एम४ ही आज्ञा वापरल्यास कोपऱ्यावर वेग घटताच तीव्रताही घटते. लेझरसाठी हे उत्तम, पेनासाठी निरुपयोगी. मोड बंद केल्यावर मात्र जी० या मोकळ्या चालीत सिग्नल आपोआप थांबत नाही. त्यामुळे प्रत्येक रेघेआधी एम३ (सिग्नल सुरू) आणि रेघेनंतर एम५ (सिग्नल बंद) लिहावे लागते, आणि दोन्हींनंतर जी४ ने ०.२ सेकंदाचा विराम द्यावा लागतो, म्हणजे पेन टेकण्याआधीच यंत्र पुढे सरकत नाही. हे सगळे हाताने भरणे अशक्य असल्याने जी-कोडमध्ये, म्हणजे यंत्राला द्यायच्या आज्ञांच्या यादीत, या ओळी घालणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. प्रवेग निम्म्याहून खाली आणल्यावर वळणांवरची थरथरही थांबली.

खरा वेळ खाल्ला तो देवनागरीने. नेहमीचा फॉन्ट पाथमध्ये (यंत्राने गिरवायच्या रेषांमध्ये) बदलला की अक्षराची बाह्यरेषा मिळते, आणि पेन ती गिरवते तेव्हा अक्षरे पोकळ दिसतात. म्हणून इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये लागणारी अक्षरे, मात्रा आणि नेहमीची जोडाक्षरे एकेका रेघेत मी स्वतः काढली. शिरोरेखा प्रत्येक अक्षराला न जोडता पूर्ण शब्दावर शेवटी एकदाच ओढली. त्यामुळे पेन कमी वेळा उचलावे लागते आणि नाव हाताने लिहिल्यासारखे दिसते. अंतर वाचवण्यासाठी रेघांचा क्रम बदलण्याची सोय काही सॉफ्टवेअरमध्ये असते, ती बंद ठेवावी. नाहीतर शिरोरेखा आधी आणि अक्षरे तिच्याखाली कुठूनही सुरू होतात.

कागदाखाली मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी राहू दिली तर तिच्या पोकळीवर टोक दबते, म्हणून वर काच ठेवली. धूर ओढणारा पंखा आणि हवेचा झोत देणारा पंप, दोन्ही बंद केले. नागपूरच्या उन्हाळ्यात त्यात कूलरची भर पडते: त्याच्या दमट हवेने पाकिटे फुगून लाटा धरतात, आणि कूलर बंद ठेवावा तर बारीक टोकाच्या पेनातली शाई दोन पाकिटांच्या मधल्या वेळात वाळते. त्यामुळे एप्रिलनंतर आम्ही पाकिटांचे काम सकाळी लवकर उरकतो, न वापरलेली पाकिटे प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवतो आणि प्रत्येक नावाआधी रद्दी कागदावर एक छोटी रेघ ओढण्याची आज्ञा त्याच स्क्रिप्टमध्ये घातली आहे.