‘बाळा’ म्हणजेच बाळकृष्ण: हे पटवायला लागले चार महिने

आमचे हे मुंबईत वारले. हॉस्पिटलात नेलं खोलीतल्या गाववाल्यांनी, आणि नाव सांगितलं ‘बाळा’. सगळा गाव तेच म्हणायचा. रेशनकार्डावर, आधारवर मात्र बाळकृष्ण.

बालसंगोपन योजनेचं अंगणवाडीच्या बाईंनी सुचवलं. आई किंवा वडील नसलेल्या मुलाला 18 वर्षांचा होईपर्यंत महिना 2250 रुपये. उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, पासबुक आठवड्यात जमलं. तवसाळवरून फेरीबोटीने जयगड, पुढे एसटीने रत्नागिरी. तिथे योजनेच्या ऑफिसात खिडकीतल्या माणसाने मृत्यूचा दाखला बघितला आणि फाईल परत सरकवली. “हा बाळा कोण?”

गावातून दुरुस्त करून आणा म्हणाला. ग्रामसेवकांनी हात जोडले. “वहिनी, मृत्यूची नोंद माणूस जिथे जातो तिथेच होते. आमच्या रजिस्टरात ते नाहीतच.” म्हणजे मुंबई. चिपळूणपर्यंत एसटी, तिथून दिवा गाडी, मुलगा सासूबाईंकडे, शेतावरची मजुरी बुडाली ती वेगळीच. तिथली खिडकी म्हणाली, हॉस्पिटलने पाठवलं तेच आम्ही लिहिलं, त्यांचं पत्र आणा. हॉस्पिटल म्हणालं, केसपेपर आणा. केसपेपर दिराच्या पिशवीत, दीर गावी. दुसऱ्या खेपेला केसपेपर होता, साहेब रजेवर. तिसऱ्या खेपेला मी टेबलासमोरून हललेच नाही. तेव्हा कुठे एका मुलीने मान वर करून सांगितलं, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि जुनं रेशनकार्ड जोडा. हे पहिल्या दिवशी सांगायला हिच्या खिडकीचं काय जात होतं?

म्हणून सांगते, दवाखान्यात नाव सांगताना आधार हातात धरा. दाखल्याच्या चार-पाच प्रती एकदमच घ्या.

पुढचं सरळ झालं. घरी येऊन चौकशी केली, बाल कल्याण समितीचा आदेश निघाला. हो, घरासमोर मुलासोबत काढलेला फोटोही लागतो. आमचा अंगणात काढला, मागे वाळत घातलेल्या बोंबलांसकट. चालला. बँकेत ‘आधार लिंक आहे’ म्हणाले तरी, सरकारी पैसे याच खात्यात येतील ना, हे वेगळं विचारा.

आणि दर महिन्याला येतील या भरवशावर वाण्याला शब्द देऊ नका. माझे पहिले पैसे तीन महिन्यांचे एकदम आले, गणपतीच्या तोंडावर. सासूबाई म्हणाल्या, आधी पोराला शाळेचे बूट घे, मखर गेल्या वर्षीचं चालेल.